जामीनदार मुंबईचाच हवा

आमचं बेलापूर मुंबईत येतं की मुंबईबाहेर, हे विद्यापीठात तुम्ही कुठल्या खिडकीसमोर उभे आहात त्यावर ठरायचं. एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी हॉस्टेलची खोली मागायला गेले. खिडकीतल्या बाईंनी पत्ता वाचला आणि म्हणाल्या, "नवी मुंबई? म्हणजे मुंबईच की! हॉस्टेल बाहेरगावच्या मुलींसाठी असतं." बरं, म्हटलं. त्याच दुपारी लायब्ररीत पुस्तकं घरी न्यायचं कार्ड मागितलं, तर तिथले कारकून म्हणाले, "बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं. बाहेरगावच्यांना जामीनदार लागतो. कायम नोकरीतला, पगारदार आणि मुंबईत राहणारा." हे ते अगदी सौम्यपणे बोलले. मला आजही त्या सौम्यपणाचाच जास्त राग येतो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. खाडीवरून रेल्वे यायला अजून बरीच वर्षं होती. बाबांच्या पगारात मुंबईत घर बसेना, म्हणून आम्ही बेलापूरच्या कोऱ्या इमारतीत राहायला आलो होतो. एसटीने खाडी ओलांडून कुर्ला गाठायचं, मग दुसरी बस धरायची, की विद्यापीठ. मला कॉलेजात इतिहास शिकवायचा होता. त्यासाठी एम.ए.ला वरचा सेकंड क्लास हवा होता आणि त्यासाठी लागणारी पुस्तकं बाजारात मिळत नसत. ती होती त्या लायब्ररीत, काचेच्या कपाटांत, कुलूप लावून. वाचनकक्षात बसून वाचायला कोणाची ना नव्हती. पण लेक्चर संपून पुस्तक हातात पडेपर्यंत माझ्या एसटीची वेळ झालेली असायची. दिवेलागणीच्या आत घरात पाहिजे, असं बाबांचं फर्मान होतं. दहा पानं वाचायची आणि पळत सुटायचं, याला काय अभ्यास म्हणतात? मुंबईतल्या मुली तीच पुस्तकं उशाशी घेऊन झोपत होत्या.

जामीनदार शोधून दमले. बाबांची नोकरी कायमची, पण राहायला बेलापूर. मामा गिरगावात राहणारे, पण स्वतःचं दुकान, म्हणजे पगार नाही. एका सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "एवढ्या लांबून यायचंच कशाला? बाहेरून परीक्षा द्या ना." जणू मी हौसेने खाडीपलीकडे जाऊन राहिले होते!

एका संध्याकाळी माझी एसटी चुकली. कुर्ल्याच्या रस्त्यावर उभी राहून मी चक्क रडत होते, तेवढ्यात समोर एक टेम्पो थांबला. दर रविवारी आमच्या इमारतीत मासळी विकायला येणाऱ्या, शेजारच्या दिवाळे गावच्या मावशी त्यातून डोकावल्या. बाकीचे दिवस कुर्ल्याच्या मार्केटात त्यांचा ओटा असे आणि गावच्या सगळ्या बायका विक्री आटोपून याच टेम्पोने परतत.

"रडतंस कनाला? बस गारीन. सोरतूं तुला बेलापूरला."

रिकाम्या पाट्यांच्या मध्ये मला जागा झाली. सबंध रस्ता त्या माझ्याशी नव्हे, एकमेकींशी भांडत होत्या, आणि मला फार बरं वाटलं. टेम्पो एसटीच्या कितीतरी नंतर सुटतो हे कळलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवसापासून मी लायब्ररी बंद होईपर्यंत बसू लागले. घरी सांगायचे, एसटी उशिरा आली. बाबांनी एकदा मला टेम्पोतून उतरताना पाहिलं आणि जिन्यातच कडाडले, "उद्यापासून एम.ए. बंद!" शेजारच्या काकू नाकाला पदर लावून दारात उभ्याच होत्या. मावशी पाटी खाली ठेवून वर आल्या.

"सायेब, तुमची पोर आमच्या समद्या बायकांमदी बसून येते. येस्टीन तिच्यासंगती कोन असतं?"

बाबा आत जाऊन पेपर वाचत बसले आणि तो विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मावशी एकदा माझ्याबरोबर लायब्ररीच्या खिडकीवरही आल्या. "मी ऱ्हातंय जामीन. माजे सासूपासून कुर्ल्यान ओटा हाय." कारकून हसले आणि म्हणाले, "पगाराचा दाखला आणा, बाई." मावशींना तिथे नेल्याचं मला फार वाईट वाटलं. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला अजून कोणी सांगावं.

निकाल लागला. वरचा सेकंड क्लास मिळाला. वाशीत नव्याने निघालेल्या कॉलेजात जागा होती, सोमवारी मुलाखत होती, आणि गुणपत्रिका हातात मिळायला लायब्ररीचा दाखला हवा होता, की या मुलीकडे आमचं एकही पुस्तक नाही. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच खिडकीवर गेले.

"कार्ड दाखवा."

"तुम्ही दिलंच नाहीत."

"मग दाखला कसा देणार? आधी कार्ड काढा, मग ते रद्द करून दाखला देतो."

"आणि कार्डाला?"

"जामीनदार."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं ज्यांनी मला एक पुस्तक घरी नेऊ दिलं नाही, तेच आता माझ्या घरी त्यांचं पुस्तक नाही एवढं लिहून द्यायला तयार नव्हते. मी ओरडले. वाचनकक्षातल्या माना वर झाल्या. "मग तुम्हीच राहा जामीन! कायम आहात, पगारदार आहात, दोन वर्षं रोज मला बघताय!"

ते गोरेमोरे झाले. "मला नाही राहता येत."

"का?"

"मी डोंबिवलीला राहतो."

डोंबिवलीही ठाणे जिल्ह्यात. एवढी वर्षं हा माणूस त्या खिडकीतून मला बाहेरगावची ठरवत होता!

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, टेबल आवरलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सोमवारी या. माझी गाडी चुकेल."

मी खिडकीच्या फळीवर दोन्ही कोपर टेकले.

"चुकू दे. मला घाई नाही," मी म्हटलं, "माझा टेम्पो उशिरा सुटतो."

त्यांनी पुन्हा एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि दाखला लिहायला घेतला.