भट्टीची उरलेली ऊब आणि वडूजकर बाई

लीलाबाई वडूजकर यांनी सत्काराला अखेर होकार दिला आहे. गौरव समितीच्या चिटणीस शशिकला माने यांनी बुधवारी संध्याकाळी तसे कळवले, आणि मी स्वतः बाईंच्या घरी जाऊन खात्री करून घेतली. कारण याआधी समितीने त्यांचा होकार गृहीत धरून पत्रिकेचा मजकूर छापखान्यात पाठवला होता, आणि बाईंनी तो तिथून परत आणला होता. आता त्यांच्या दोन अटी आहेत. समारंभाला जेवणावळ असणार नाही, आणि या गौरव अंकातल्या कोणत्याही लेखात त्यांना त्यागमूर्ती म्हटले जाणार नाही. दुसरी अट सांगताना त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही वर्तमानपत्रवाले. काय घडलं तेवढं लिहा."

तेवढेच लिहितो.

बाईंची माझी पहिली भेट रॉकेलच्या रांगेत झाली. रॉकेल मिळेनासे झाले होते आणि सांगलीत प्रत्येक पेठेत डबे घेऊन माणसे उभी असत. मी तेव्हा इथल्या एका दैनिकात बातमीदार होतो. रांगेतल्या लोकांच्या प्रतिक्रिया घेत फिरताना एका पांढऱ्या पातळातल्या बाईंना मी टंचाईविषयी विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले, "तुमच्या घरी डाळ शिजवण्याआधी भिजत घालतात का?"

"मला कल्पना नाही," मी म्हणालो.

"मग आधी घरी विचारा. टंचाई तिथून सुरू होते."

रांगेतल्या बायका हसल्या. मी घरी गेलो, विचारले, आणि डाळ भिजत घालत नाहीत असे कळले. दुसऱ्या दिवसापासून घालू लागलो. पुढे वर्षभराने आम्ही बाईंच्याच गल्लीत राहायला गेलो आणि त्यांचे काम मला रोज पाहायला मिळाले.

बाई मूळच्या वडूजच्या. त्या कोरडवाहू मुलखात पाऊस ज्या वर्षी बरा झाला, त्याच वर्षी पुढच्या वाईट वर्षाची तयारी होत असे, आणि ती सवय त्यांच्या अंगात लहानपणापासून भिनलेली. साताऱ्याला शिक्षिकेचे प्रशिक्षण घेऊन त्या सांगलीच्या मुलींच्या शाळेत आल्या आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिल्या. गृहशास्त्राच्या तासाला त्या पुस्तक क्वचितच उघडत. गवार स्वस्त झाली की मुली वर्गात गवार मोडून शाळेच्या गच्चीवर वाळत घालत. नवी तूर बाजारात आली की तिला एरंडेल कसे आणि किती चोळायचे, ते प्रत्येक मुलगी हाताने शिकत असे. भाव वाढल्यावर काटकसर करायला गेले तर हातात फक्त उपास उरतो, काटकसर भाव उतरलेले असताना करायची असते, हे त्या वर्गात सांगत. गल्लीतही तेच सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज कधी चढला नाही.

गल्लीच्या तोंडाशी दस्तगीरभाईंची चुरमुऱ्यांची भट्टी आहे. सकाळपासून दुपारपर्यंत कढईतल्या तापलेल्या वाळूत चुरमुरे फुलतात. मग काम थांबते, आणि ती कढत वाळू शेजारच्या खळग्यात ओतून ठेवतात. ती संध्याकाळपर्यंत हात लावू देत नाही. या वाटेने आम्ही सगळेच रोज जात होतो. बाई एके दिवशी तिथे थांबल्या आणि दस्तगीरभाईंना म्हणाल्या, "या वाळूत मी डाळीचं पातेलं पुरून ठेवलं तर चालेल का?"

"ठिवा की. पर शिजंल व्हय?"

"नाही शिजली तर घरी नेऊन शिजवीन."

डाळ शिजली. चारच दिवसांत गल्लीतली निम्मी पातेली त्या खळग्यात गळ्यापर्यंत पुरलेली दिसू लागली. जागेचे किंवा उबेचे काही द्यावे म्हणून लोक बोलू लागले, तेव्हा दस्तगीरभाई वैतागले. "आवं, ती ऊब रोज पत्र्याला तापवत वर जातीया. पत्र्याकडनं मी काय घेतोय का?"

या मांडणीत बाईंचे शहाणपण असे की विस्तव सर्वांचा होता, पण अन्न ज्याचे त्याचे होते. आपले पातेले, आपली डाळ, आपल्या घरचे पाणी. त्यामुळे एरवी एकमेकांच्या घरचे पाणीही न पिणारी माणसे त्या खळग्यापाशी एकत्र आली. सर्वांत अवघड होकार होता तो पद्माक्कांचा. पद्माक्का चौगुले या जतकडच्या, जैन घरातल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाई. मराठी बोलताना मध्येच कानडी शब्द येणार. नेमधर्म कडक, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. त्यांना मिळणारे रॉकेल महिन्याच्या मध्यातच संपत असे, आणि मग त्या संध्याकाळची चूल पेटवतच नसत. बाईंनी त्यांच्यासाठी सगळ्या गल्लीची वेळ बदलली. पातेली सूर्य मावळायच्या पुरेशी आधी निघतील असे ठरवले, आणि ती काढून वाटायचे काम स्वतःकडे घेतले. पद्माक्का पहिल्यांदा पातेले घेऊन आल्या, तेव्हा दस्तगीरभाईंच्या पत्नी जैनबी यांनी खळग्याची कड झाडून घेतली होती.

चातुर्मासातल्या एका दिवशी मात्र घात झाला. दिवसभर आभाळ भरलेले, उजेड कमी, आणि दिवस मावळायच्या आत पातेली द्यायची घाई. आपल्याकडे लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर नावे कोरलेली असतात, आणि बाई ती नावे वाचूनच पातेली देत. पण रोजच्या धुराने आणि वाळूने नावांवर काजळी बसली होती. पद्माक्कांचे आणि जैनबींचे पातेले एकाच दुकानातले, एकाच मापाचे. बाईंनी एकीचे दुसरीला दिले.

थोड्या वेळाने पद्माक्का पातेले हातात धरून बाईंच्या दारात उभ्या राहिल्या. मी तेव्हा तिथेच बसलो होतो.

"बाई, ह्यात लसूण हाय," त्या म्हणाल्या. "दोन घास गेलं माझ्या पोटात."

बाई उठून उभ्या राहिल्या. "भांडं मी दिलं, पद्माक्का. चूक माझी आहे."

तेवढ्यात जैनबी दुसरे पातेले घेऊन धावत आल्या. त्यांना धाप लागली होती. "अक्का, झाकणबी काढलं न्हाई मी. तुमचं हाय तसं हाय."

"आता त्ये घिऊन मी काय करू?" पद्माक्कांनी बाहेर पाहिले. दिवस मावळला होता. "माझा कुणावर राग न्हाई. जैनबी, तू रडू नगंस. पर उद्यापास्नं माझं भांडं हितं यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कडक उपास केला, आणि त्यानंतर त्यांची संध्याकाळची चूल पुन्हा बंद झाली. भाकरी आणि चटणी, तीही सकाळचीच. त्यांचे पाहून आणखी काही घरांनी पातेली आणणे थांबवले. गल्लीतल्या एका सद्गृहस्थांनी तोडगा सुचवला की खळग्यात मध्ये विटा लावून दोन भाग करावेत, म्हणजे गोंधळ होणार नाही. बाई त्यांना म्हणाल्या, "आज वाळू वाटली, तर उद्या जो तो आपलं जळण वेगळं करील. मग पुन्हा सगळे रांगेत." विटा लागल्या नाहीत. दस्तगीरभाईंनी प्रत्येक पातेल्याच्या काठाला वेगवेगळ्या पिळाची तार गुंडाळली, म्हणजे अंधारातही बोटांना घर ओळखू यावे. घरे हळूहळू परतली. पद्माक्का परतल्या नाहीत.

बाईंनी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. स्वतःच्या वाटणीचे रॉकेल देऊ केले असते, तर पद्माक्कांनी ते घेतले नसते, हेही त्या जाणून होत्या. त्या वखारीतून आंब्याची एक रिकामी पेटी घेऊन आल्या. तिच्यात भाताचा भुसा दाबून भरला, मध्ये पातेल्याएवढी जागा ठेवली, वरून जुन्या धडप्यांची जाड गादी शिवली. डाळीला चुलीवर चांगली उकळी आणायची, विस्तव विझवायचा आणि पातेले या पेटीत झाकून ठेवायचे. पुढचे शिजणे आतल्या उबेवर. पहिल्या दिवशी डाळ दाताखाली कचकचली. दुसऱ्या खेपेला बाई शाळेतून उशिरा आल्या आणि डाळ आंबली. एकदा गादीवर मांजर झोपलेले सापडले. पद्माक्का हे सारे आपल्या दारातून पाहत होत्या. शेवटी त्याच बोलल्या, "बाई, ही पेटी हाय का मांजराचं हातरूण?"

"मांजराला ऊब लागली म्हणजे गादी बरी शिवलीय," बाई म्हणाल्या.

भुसा आणखी घट्ट भरला, उकळीची वेळ वाढवली, आणि पेटी जमली. तेव्हा बाईंनी ती उचलून पद्माक्कांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. "तुमची चूल, तुमचं भांडं, तुमचं दार बंद. एका उकळीपुरतं रॉकेल पुरे. माझ्या हातून तुमचं एक जेवण मोडलं, तेवढं मला भरून द्यायचंय."

पद्माक्कांनी पेटीवरची गादी दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "एक कशाचं? रोजचं झालं की ह्ये."

त्या दिवसापासून त्यांची संध्याकाळ पुन्हा वरणाची झाली. पावसाच्या झडीत भट्टी बंद पडली आणि जैनबींच्या घरात सगळेच जळण ओले झाले, तेव्हा त्यांच्या दारात पेटी आणि उकळीपुरते रॉकेल घेऊन कोण गेले, ते मला सुशीलेने, माझ्या पत्नीने, सांगितले. पद्माक्का उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या आणि जैनबींना हुकूम सोडत होत्या, "भुसा दाब गं. आनिक दाब. लय हलक्या हातानं करतीस तू."

बाईंच्या काटकसरीला कुठे थांबायचे ते ठाऊक आहे, हेही इथे नोंदले पाहिजे. आमच्या धाकट्या मुलाच्या वेळी सुशीला अशक्त झाली होती. बाई रोज सकाळी येऊन तिच्यासाठी खीर करत आणि तूप वाटीने ओतत. तुपाचा भाव तेव्हा ऐकवत नव्हता. सुशीला म्हणाली, "बाई, अहो पुरे." बाईंनी हात आवरला नाही. "वर्षभर मी जे वाचवते, ते कशासाठी वाचवते? खा मुकाट्यानं." आजारी माणूस, बाळंतीण आणि दारी आलेला पाहुणा यांच्या ताटात त्यांनी कधी कमी वाढलेले मी पाहिले नाही. स्वतःच्या ताटाविषयी मात्र त्या काही बोलू देत नाहीत, आणि त्यांच्या दुसऱ्या अटीचा मान राखून मीही बोलत नाही.

भुशाची ती पेटी आता एका घराची राहिलेली नाही. बाईंच्या विद्यार्थिनी जिथे जिथे सासरी गेल्या तिथे ती गेली. पाटणकडे भाताचा भुसा भरपूर, तिथे ती सहज रुजली. खुद्द वडूजला भात नाही, म्हणून तिथे बायकांनी कडब्याची कुट्टी भरली आणि काम भागवले. बाईंना याचा आनंद आहे, पण समाधान नाही. गेले काही महिने त्यांच्या मनात एकच गोष्ट आहे. जतच्या पूर्वेकडच्या गावांत सरपणाला झाड नाही, पाणी टँकरने येते, आणि बायकांचा दिवस या दोन गोष्टींमागे जातो. तिथे हे शिकवायला हवे. अडचण एवढीच की तिथल्या कितीतरी बायका घरात कानडी बोलतात, आणि बाईंना कानडीचा गंध नाही. समितीतल्या कोणी एखादा दुभाष्या शोधायचे सुचवले. बाई म्हणाल्या, "पुरुष माणूस चुलीपाशी बसून काय सांगणार?"

हे पद्माक्कांच्या कानावर गेले. त्यांनी बाईंना गाठून विचारले, "मी काय मेले का?"

"पद्माक्का, तिथं कुणाच्या घरात बसावं लागेल. कुणाच्या चुलीपुढं. तुमचे नेम आहेत."

"नेम माझं हायती. सांभाळीन मी. भांड्याला हात त्या लावतील, मी तोंडानं सांगीन. तुमच्यापाशी चार वर्सं शिकले ते तोंडात हायच की." मग म्हणाल्या, "दिवस मावळायच्या आत जेवायला बसवलं म्हंजी झालं."

वडूजकर बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे कुरकुरतात, डोळ्यांवर नवा चष्मा आला आहे, पण हात पूर्वीसारखेच चालतात. ते हात आणखी पुष्कळ वर्षे असेच चालते राहोत, त्यांना दुखणे-खुपणे न येवो, आणि महागाई किती का वाढेना, त्यांच्या शब्दावर चालणाऱ्या घरांत संध्याकाळचे वरण शिजत राहो, हीच त्यांच्या असंख्य विद्यार्थिनींच्या, शेजाऱ्यांच्या आणि माझ्या कुटुंबाच्या वतीने प्रार्थना.

समारंभ रविवारी आहे. सोमवारी सकाळच्या एसटीने दोघी जतला निघतील. पेटी बाई उचलणार आहेत, बोलणार आहेत पद्माक्का. पहिल्या गावात बायका दुपारी जमतील असा निरोप आला आहे, आणि दिवस मावळायच्या आत डाळ शिजलेली असेल, अशी दोघींची अपेक्षा आहे.