पुढच्या दोन जागा

शहराच्या हरणी भागात हेरंब दिघ्यांचं घर शोधायचं असेल तर आडनाव सांगून उपयोग नाही. ‘पॉइंटकाका’ म्हणा, वॉचमन तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडायला येईल. खताच्या कारखान्यात खरेदी खात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस. नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दारू नाही, पत्ते नाहीत, चहासुद्धा बिनसाखरेचा. एकच खूळ डोक्यात शिरलं आणि त्या खुळाने त्याला जन्माचं नाव दिलं.

खुळाची सुरुवात झाली ती यंत्रांपायी. कारखान्याला सिंगापूरहून काही यंत्रं घ्यायची होती, ती पाहायला साहेबाबरोबर हेरंबला पाठवलं. विमानात शिरताना सगळी रांग पुढच्या भागातून जाते. तिथे खुर्च्या थोड्या आणि ऐसपैस. एका खुर्चीत हेरंबच्याच वयाचा एक गृहस्थ बूट काढून, पायात मऊ सपाता घालून, हातात सरबताचा पेला घेऊन पेपर वाचत बसला होता. ती खुर्ची म्हणे पुढे पलंगासारखी आडवी होते. लोक बॅगा आपटत त्याच्या अंगावरून जात होते, आणि त्याने एकदाही मान वर केली नाही. हेरंबला जागा मिळाली शेवटून दुसरी, संडासाला लागून. अख्खा प्रवासभर त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली की एकदा आपणही तसं बसावं आणि लोकांनी आपल्यासमोरून जावं. इच्छा काही फार थोर नव्हती. बहुतेकांच्या नसतातच.

परत आल्यावर हिशेब खात्यातल्या एका गुजराती मित्राने त्याला सांगितलं, ‘अरे, त्या खुर्च्यांचे पैसे देऊन बसतो कोण? कार्डावर खर्च कर, पॉइंट जमव, ते विमान कंपनीकडे वळव, आणि जा आरामात.’ थेंबे थेंबे तळे साचे, हे हेरंब लहानपणापासून ऐकत आला होता. पण नवरा-बायकोच्या दोघांच्या संसारात कांदे, वीजबिल आणि औषधं एवढ्यावर तळं साचायला पुढचा जन्मच उजाडला असता. तेव्हा त्याने दुसऱ्यांच्या थेंबांवर नजर ठेवली. कुणाकडे लग्न निघालं, कुणी स्कूटर घेतली, कुणाच्या मुलाची फी भरायची, की हेरंब बरोबर हजर. कार्ड त्याचं घासायचं, आणि ज्याची खरेदी त्याने तिथल्या तिथे फोनवरून त्याचे पैसे त्याला चुकते करायचे. त्यात त्याने कधी कुणाचा एक रुपया खाल्ला नाही. मांडवी बाजारातले सोनार त्याला दुकानात शिरताना पाहिलं की ‘आवो हेरंबभाई’ म्हणत मशीनच पुढे सरकवत.

बायको मृदुला मात्र लाजेने अर्धी व्हायची. लोक हौसेने मंगळसूत्र घ्यायला येतात आणि तुम्ही तिथे दक्षिणेला टपलेल्या भटजीसारखे उभे, असं तिने एकदा ऐकवलं, आणि तेव्हापासून त्याच्याबरोबर बाजारात जाणंच सोडलं. बाकीचे तोंडावर हसत नसत, पाठीमागे हसत. एकच माणूस तोंडावर हसायचा, आणि तोच एक मनापासून साथ द्यायचा. हेरंबचा थोरला भाऊ, भास्करराव.

वडील गेले तेव्हा हेरंब शाळेत होता. त्याला शिकवलं, नोकरीला चिकटवलं, त्याचं लग्न लावून दिलं, सगळं दादाने. दादा आणि लतावहिनी त्याच शहरात, अकोट्याला राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे हेरंब हा भाऊही होता आणि थोडाफार मुलगाही. दादा टाचणीसुद्धा हेरंबशिवाय विकत घेत नसे. घरात काही बिघडलं की फोन यायचा, “हेरंब, मिक्सर गेला रे. ये, लंडनला जाऊ.”

लंडनचं कारणही गमतीचं होतं. दिघ्यांचे पणजोबा संस्थानात कारकून होते आणि महाराजांच्या लवाजम्याबरोबर बोटीने विलायतेला गेले होते, ही गोष्ट घरात तीन पिढ्या ऐकवली जात होती. ते बोटीत कुठे बसले होते हे मात्र कुणी सांगत नसे. तेव्हा दोघा भावांनी ठरवून टाकलं होतं, पॉइंट पुरे झाले की पुढच्या दोन जागा घ्यायच्या, शेजारी शेजारी, आणि पणजोबांची कसर भरून काढायची. बायकांची हरकत नव्हती. लतावहिनी तर म्हणायच्या, तेवढाच पंधरा दिवस माझ्या कानांना आराम.

मग दादाला खोकला लागला. आधी सगळ्यांनी तो हवेवर ढकलला, मग धुळीवर. शेवटी कळलं की फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत आणि त्यावर फारसा इलाज नाही. गेल्या हिवाळ्यात त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. हेरंबने तेव्हा जी धावाधाव केली ती सगळ्या नातलगांनी पाहिली. औषधं, रक्त, बाहेरच्या बाकड्यावरचं बसणं, सगळं त्याने केलं. बिलं त्याच्या कार्डावरच भरली जात होती. विमा होता, दादाच्या ठेवी होत्या, पैसे मागाहून मिळणार होतेच. त्यात पॉइंटचा विचार आपल्या मनात नव्हता, हे हेरंब आजही शपथेवर सांगेल. पहिल्या दिवसांपुरतं ते खरंही आहे.

एका सकाळी वहिनी आणि हेरंब दोघांना आत भेटायला बोलावलं. दादाने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने बाजूला केला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “नळीबिळी घालू देऊ नका. मला अकोट्याला घेऊन चला. जवा दे ने आता, जाऊ दे मला.” वहिनींनी मास्क परत लावला. त्याने पुन्हा काढला आणि हेरंबकडे बघून म्हणाला, “घरी.”

आत फोन न्यायची परवानगी नव्हती. त्या वेळी वहिनी आधी बाहेर आल्या, हेरंब आणखी थोडा वेळ दादाचा हात धरून बसला. दारावरच्या नर्सकडे ठेवलेला त्याचा फोन त्यांनीच घेऊन ठेवला होता. हेरंब बाहेर आल्यावर त्यांनी तो परत दिला, आणि त्याने सवयीने त्यावर नजर टाकली. कार्डवाल्यांचा निरोप आला होता. या तिमाहीत आणखी थोडा खर्च झाला की मोठा बोनस मिळणार होता. किती थोडा, तेही लिहिलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावल्याचं नर्स सांगून गेली. वहिनी म्हणाल्या, मला काही सुचत नाही, तुम्हीच जाऊन या. हेरंब एकटाच गेला.

डॉक्टर सरळ माणूस होता. त्याने काही लपवलं नाही. नळी घालून मशीनवर ठेवलं तर काही दिवस निघतील, सुधारणेची आशा फार थोडी आहे, आणि घरी न्यायचं असेल तर ऑक्सिजनची, त्रास कमी करण्याची सगळी व्यवस्था करून देतो, असं तो म्हणाला. हेरंबने क्षणाचाही वेळ घेतला नाही. “आठवडाभर बघू या, डॉक्टर. करायचं ते सगळं करा,” तो म्हणाला. कागदावर वहिनींनी सही केली, हेरंबने दाखवलं तिथे.

मग बिलाच्या खिडकीकडे जायला तो जिना उतरू लागला, आणि मधल्या वळणावर त्याच्या मनात आलं की बोनस आता यातच बसेल. आलं आणि गेलं. पण आलं.

आठवडा कसला तो. दादाच्या घशात नळी होती, आणि ती त्याने ओढून काढू नये म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्टीने खाटेच्या दांड्याला बांधली होती. सकाळी गुंगीचं औषध कमी करत तेव्हा तो डोळे उघडायचा. बोलता येत नव्हतं. नुसता बघायचा, आधी वहिनींकडे, मग हेरंबकडे. हेरंब त्याला म्हणायचा, दादा, बरा होशील, लंडनला जायचंय. आठवडा उलटला आणि दादा तिथेच गेला. अकोटा तिथून हाकेच्या अंतरावर होतं.

तेराव्याला सगळ्यांदेखत वहिनी म्हणाल्या की भावजी नसते तर माझं काय झालं असतं, आणि जमलेल्या माना डोलल्या. हेरंबला ताटावरून उठून जावंसं वाटलं. पुढच्या महिन्यात कार्डाचा हिशेब आला. बोनस जमा झाला होता. इतकी वर्षं हुलकावणी देणारा आकडा एकदाचा गाठला होता, पुढच्या दोन जागा, जाऊन-येऊन.

त्यानंतर पॉइंटकाका कुणाबरोबर दुकानात गेला नाही. लोकांचे फोन यायचे, तो सांगायचा, कार्ड बंद केलं. लोक म्हणाले, भावाचं दुःख आहे, होतं असं. मृदुलेने एकदा भीत भीत सुचवलं की आता आपण दोघं जाऊन येऊ, दादांना बरंच वाटेल, तर तो तिच्या अंगावर असा धावून गेला की बिचारी दोन दिवस बोलली नाही. त्याला झोपेत, जागेपणी, दाढी करताना एकच प्रश्न पडायचा. ते शब्द तोंडातून निघाले ते दादावरच्या मायेने की त्या निरोपाने? कधी वाटे, माया. कधी जिन्याचं ते वळण आठवे. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पण वैरी खोटं बोलतो असं तरी म्हणता येतं. स्वतःच्या मनाला काय म्हणणार?

वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा त्याला राहवेना. एका दुपारी स्कूटर काढून तो अकोट्याला गेला. वहिनी खाली सतरंजीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. दादाला बिरडं लागायचं, आठवड्यातून दोनदा. आता एकटीसाठी कशाला एवढा खटाटोप, असं हेरंबच्या तोंडाशी आलं होतं, ते त्याने आतच ठेवलं. समोर बसला आणि त्यानेही मूठभर वाल पुढे ओढले. सोलता सोलता, वर न बघता त्याने सगळं सांगितलं. फोनवरचा निरोप, केबिन, जिना, सगळं. दोन्ही जागा तुम्ही घ्या, बहिणीला बरोबर न्या, मला त्यातलं काही नको, असंही म्हणाला. त्याला वाटत होतं, आता वहिनी रागावतील. खरं तर तो त्यासाठीच आला होता.

वहिनींचे हात थांबले नाहीत.

“तो निरोप मी वाचला होता,” त्या म्हणाल्या. “तुमचा फोन माझ्याच हातात होता ने. वाचला, आणि मगच तुम्हाला आत पाठवलं.”

हेरंबला आधी कळलंच नाही. त्याने मान वर केली.

“मी गेले असते तर ह्यांचं म्हणणं सांगावं लागलं असतं. घरी न्या म्हणून. ते माझ्या तोंडून निघालं नसतं, भावजी. मला ते जायला नको होते. कसेही असोत, नळीत असोत, बांधलेले असोत. पण नळी घाला असं मी म्हटलं असतं तर मरणाच्या दारातल्या नवऱ्याचा शब्द मी मोडला असता. तुम्ही आत गेलात तर काय सांगाल, ते मला ठाऊक होतं.”

बाहेर भाजीवाला गुजरातीत ओरडत गेला.

“मला माफ करा, वहिनी,” हेरंब म्हणाला.

“तुम्हाला माफ केलं तर मला मलाही करावं लागेल. ते मला जमायचं नाही.”

तिकिटांचं त्यांनी एवढंच सांगितलं की मी काही त्या खुर्चीत बसायची नाही, तुम्ही जा नाहीतर जाऊ नका, पण जाऊन आलात तर मला येऊन सांगू नका. मग वाल संपेपर्यंत दोघं सोलत राहिले. जेवायला थांबा असं वहिनी म्हणाल्या नाहीत, आणि तो उठला तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत. पॉइंट अजूनही तसेच पडून आहेत.

स्कूटर पुलावर आली आणि हेरंबला ती बाजूला घ्यावी लागली, पुढचं नीट दिसेना. जोडीदार मिळाला की ओझं हलकं होतं म्हणतात. त्याचं झालं नव्हतं. वर्षभर त्याने एकच आधार धरून ठेवला होता, की आपण पापी असू, पण निदान वहिनी तरी मनाने दादाच्या बाजूने होत्या. त्या नुसत्या गोंधळल्या होत्या, आपणच त्यांना फसवलं. आता तोही आधार गेला. दादाने मास्क काढून, जीव गोळा करून दोघांना सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं, आणि त्याचं ऐकणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं.