सापाच्या औषधाचा माग काढताना

सुमनताई, गुडघा कसा आहे आता... जिना उतरता येतोय ना? शकीलभाई, खोकला गेला का, की अजून लूमच्या धुळीतच बसताय दिवसभर? आणि विद्या, बाळंतिणीने एवढा वेळ कॉम्प्युटरपुढे बसू नये गं, डोळ्यांना जप. मी ठणठणीत आहे. भिवंडीच्या लोडशेडिंगने तेवढा जीव नकोसा केलाय, म्हणून लिहायला उशीर.

परवा वज्रेश्वरीच्या बाजूला जाऊन आले. दर्शनाला नाही, गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायलाही नाही... आपल्या यादीतल्या एका ओळीसाठी गेले होते.

नवीन मंडळींसाठी सांगते. या ग्रुपवर आपण होमिओपॅथीच्या औषधांची यादी करतोय. औषधाचं नाव, ते कशासाठी सांगितलंय, आणि कुठल्या पुस्तकात, कुठल्या आवृत्तीत, कितव्या पानावर. हा शेवटचा रकाना म्हणजे माझा हट्ट. मी रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर शिकलेली बाई, डॉक्टर नव्हे. नुसत्या माझ्या शब्दावर कुणी विसंबू नये.

तर यादीत सर्पदंशाची एक ओळ होती. औषधाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेवटच्या रकान्यात नुसतं 'अनुभवसिद्ध'. घातली होती वळ गावच्या नंदूभाऊंनी, गोडाऊनवाले, आमच्या यजमानांचे जुने दोस्त.

घरातली सगळी पुस्तकं पालथी घातली, कुठे सापडेना. दोन वेबसाइटवर सापडली, तर तीही आपल्याच यादीतून उचललेली, शब्दन्‌शब्द! म्हणजे आपणच आपले साक्षीदार...

ओळ काढते म्हटल्यावर नंदूभाऊ फुगले. "वहिनी, यादी करताय का कोर्टात केस चालवताय? ज्या आत्याला साप चावला ती आजून जिवंत हाय माझी. विचारा तिला!"

"विचारतेच. काढा जीप," मी म्हटलं.

स्वस्थ बसवतच नव्हतं. त्याच आठवड्यात वाडा तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं होतं, की यादीची प्रिंट काढून शेतावरच्या खोपटाच्या दाराला चिकटवलीय, मजुरांच्या सोयीसाठी. भातलावणी तोंडावर आलेली, साप निघायचे तेच दिवस.

वज्रेश्वरीजवळच्या घरी आत्याबाई ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. नंदूभाऊंनी मोठ्या ऐटीत विचारलं, "आत्या, साप चावला तेव्हा गोळ्यांनीच बरी झालीस ना तू?"

"गोळ्या?" आत्याबाई हसायलाच लागल्या. "अरे, तुझ्या बापसानं मना बैलगाडीत घातलं नि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं इंजेक्शनं टोचली, म्हणून वाचले. घरी आले तर झोप न्हाय, दोरी दिसली तरी किंचाळायची. तेव्हा शाळेचे मास्तर होमिओपॅथीचं औषध द्यायचे, त्यांनी गोड गोळ्या दिल्या... भीतीच्या. सापाच्या न्हाय काय!"

"पण बा तर सांगायचा..."

"तुझा बापूस लग्नाच्या पंगतीत गोष्ट सांगायचा, बाबा. तिथं दवाखान्याचं कोण ऐकतो?"

परतीच्या वाटेला लागलो. मी टोचलं नाही. अंबाडी गावाजवळ नंदूभाऊच स्वतःहून म्हणाले, "वहिनी, ती ओळ मीच काढतो."

जीप थेट सायबर कॅफेसमोर. नंदूभाऊंनी स्वतः ओळ काढली, वाड्याच्या त्या ताईंचा नंबर मिळवला आणि तिथूनच फोन लावला. "तो कागद फाडा, ताई. साप चावला तर गाडी काढा नि दवाखाना गाठा. गोळी शोधत बसू नका." माणूस मनाचा मोठा, हे मी चारचौघांत लिहिते आहे.

पुस्तकात छापलंय म्हणजे गुण येतोच, असं मी म्हणत नाही. पण निदान कोण म्हणतंय ते कळतं, उघडून तपासता येतं. ऐकीव गोष्टीतून नेमकं काय गळालं, ते कुणाला कळणार?

म्हणून आता ठरवलंय. शेवटचा रकाना रिकामा असेल किंवा त्यात 'अनुभवसिद्ध' असेल, ती ओळ यादीत राहणार नाही. रुसा, फुगा, मला खडूस म्हणा... चालेल. ओळ काढा म्हणून त्या दोन वेबसाइटनाही लिहिलंय, अजून उत्तर नाही. तुम्हीही लिहा, रेटा लागेल.

आणि ज्यांनी कुणी यादीची प्रिंट काढलीय, कुणाला दिलीय, कुठे लावलीय, त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी मला कळवा. एकेका कागदापर्यंत पोचायचंय. लवकर लिहा... वाट बघतेय.