सासऱ्यांच्या घराचं कर्ज

बायको गेली. मागे कामठ्याच्या घराचं कर्ज राहिलं आणि ते फेडायला मी राहिलो. कर्ज तिने लग्नाआधीच काढलं होतं. ती परिचारिका, घरात पगार आणणारी एकटीच. जागा वडिलांच्या नावावर, भाऊ तेव्हा शिकत होता. लग्नानंतर वरचा मजला चढवायला आणखी पैसे लागले, बँकेने माझाही पगार धरला आणि मी सहकर्जदार झालो. मी गोंदियाला कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तकाची तळटीपसुद्धा वाचल्याशिवाय सोडत नाही. तो करार मात्र वाचला नाही. बायकोच्या माहेरचा व्यवहार तिच्यादेखत तपासणं मला बरं वाटलं नाही.

कर्जाचा विमाच काढलेला नव्हता, हे तिच्या मृत्यूनंतर, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर कळलं. त्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघं एकूण पाच-सहा दिवस राहिलो असू.

मेहुण्याला एव्हाना नोकरी लागली होती. हप्ता आता त्याने अंगावर घ्यावा, हे सांगायला मी तीनदा कामठ्याला गेलो. दर वेळी पाय धुवायला पाणी यायचं, खुर्ची यायची, आधी माझं ताट वाढलं जायचं. जावई म्हणून असा मान घेत असताना पैशाचा विषय काढता येत नाही. तिसऱ्या वेळी काढला.

सासरे जेवता जेवता थांबले. "लेक गेली तं नातंही गेलं का जी, जवाईबापू?"

मेहुणा हसला. "भाऊजीले ना लेकरू ना बाकरू. पगार ठेवून करतीन काय?"

मलाही हसावं लागलं.

पुढे मेहुण्याचं लग्न जुळू लागलं. मुलगी अर्जुनी मोरगावकडची, शाळेत शिक्षिका. त्याने फोन करून सांगितलं, "लग्न होऊ द्या भाऊजी. तिचा पगार लावतो न् तुमचं नाव काढून टाकतो." तिच्याकडचे घर पाहायला आले, तेव्हा मला मुद्दाम बोलावलं. शिकलेला जावई पाहुण्यांत बसलेला बरा दिसतो.

मुलीचा मामा जिना चढून वर जाऊन आला, भिंतीवर थाप मारून पाहिली.

"घर तं मोठं आहे जी. यावर कर्ज-गिर्ज तं नाही ना?"

"कायचं कर्ज जी!" सासरे म्हणाले. "स्लॅब पाहा ना. ट्रॅक्टर चालवा वरून."

सगळे हसले. मामा माझ्याकडे वळला. "पावने, तुमी तं काहीच बोलून नाही राहिले. तुमी सांगा. शिकलेल्या माणसाचा शब्द आमाले पुरे."

उत्तर मला तोंडपाठ होतं, हप्त्याच्या रकमेसकट. खरं सांगितलं असतं तर ती मुलगी सुटली असती आणि मी अडकून राहिलो असतो. यातलं दुसरं मला आधी सुचलं.

"नाही," मी म्हणालो.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात आम्ही तिघं बँकेत बसलो होतो. कागद समोर आले तसं तिने विचारलं, "हे कशाचं?"

"घराचं," मेहुणा म्हणाला.

"पण घरावर कर्ज नाही म्हणाले होते ना?"

हे तिने नवऱ्याला विचारलं नाही, माझ्याकडे पाहून विचारलं.

"कर ना सही," मेहुणा म्हणाला. "भाऊजी कवाचे खोळंबून राहिले."

तिने सही केली. बाहेर आल्यावर ती एकटीच पुढे चालत गेली आणि मला नमस्कार न करता नवऱ्याच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

आता माझा पगार पूर्ण हाती येतो. बायकोची एक पेटी अजून त्या घरात आहे. तिच्या साड्या आहेत त्यात, मी पाठवलेली पत्रं आहेत. आणायला जायचं तर दार मेहुण्याची बायकोच उघडेल. म्हणून अजून गेलेलो नाही.