तिकडची रीत

तोंडात टाचण्या धरायच्या, मान डावीकडं कलती करायची आणि ओठांच्या कोपऱ्यातून म्हणायचं, "तिकडं अशीच रीत हाय." कपड्यात कुणी खोट काढली की आमच्या आप्पांचं हे ठरलेलं. ज्यांच्या हातून कधी चूक होतच नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती आपली चूक दुसऱ्यावर ढकलतात. आप्पांनी त्यासाठी एक अख्खा देश काढला होता.

तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराच्या रस्त्याला त्यांचं ड्रेपरीचं दुकान होतं. शाळांच्या गॅदरिंगला आणि नाटकांना भाड्यानं कपडे द्यायचे. मी तिथं वीसेक वर्षं हुक लावले, जरीची किनार टाचली आणि पोरांनी बाह्यांना पुसलेला शेंबूड धुतला. राजाचा असो की भिकाऱ्याचा, शेंबूड एकच असतो, एवढं मी त्या दुकानात शिकले.

एकदा एक गुरुजी राजाचा अंगरखा परत घेऊन आले. त्याची एक बाही उंदरांनी खाल्ली होती आणि मी न बघताच घडी घालून दिला होता.

"आप्पा, ह्याला एकच बाही आहे."

"एकच असती, गुरुजी. तिकडच्या राजाचा एक हात उघडाच ठेवत्यात. लोकांना दिसाय पायजे, कुणाच्या खिशात जातोय त्यो."

गुरुजींनी जरा विचार केला आणि अंगरखा घेऊन गेले. पुढच्या वर्षी तोच राजा मागायला आले. बाही शिवायची राहिली ती राहिलीच.

मग देश वाढत गेला. मुकुट मोठा झाला आणि पोराच्या कानांवर उतरला, तर तिकडचा राजा गादीवर बसला की त्याला ऐकू येत नाही. परीचा एक पंख मोडला, तर तिकडं लग्न झालेल्या परीला एकच पंख असतो, दुसरा सासू ठेवून घेते. नथीचा फासा तुटला तेव्हा तिकडच्या बायका नथ कानात घालू लागल्या, तीही ज्या बाजूच्या घरात जाऊबाई राहते त्या बाजूच्या कानात.

आप्पा रिती काढायचे आणि विसरायचे. ध्यानात मी ठेवायची. "आप्पा, गेल्या साली प्रधानाला खिसा नव्हता," असं मी म्हटलं की ते मुकाट्यानं खिसा उसवायचे. देश त्यांचा, पण कायदा माझ्याकडं.

एकदा मी विचारलं, "आप्पा, तुमच्या तिकडं नवरा मेलेल्या बाईनं काय घालायचं?"

माझा नवरा जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. त्यांनी मशीन थांबवलं. "तिला वाटंल ते."

"आन् लोकं काय म्हणत्यात?"

"लोकांना तिकडं तोंड नसतं, वैनी. नुसते कपडे असत्यात."

दुसऱ्या दिवशी मी राणीच्या डब्यातल्या हिरव्या बांगड्या चढवून कामाला बसले. आप्पा एकदा बघून आपल्या कामाला लागले. त्या मशीनवर इतक्या आपटायच्या की दुपारी वैतागून मीच काढल्या. पण माझ्या मनानं घातल्या आणि माझ्या मनानं काढल्या.

असा हा माणूस घरात मात्र चारचौघांसारखाच निघाला. त्यांची एकुलती पोरगी रांजणगावला कंपनीत जायची. तिथल्याच एका पोराशी तिनं परस्पर लग्न केलं. पोरगा दुसऱ्या जातीचा. लग्नानंतर ती त्याला घेऊन दुकानाच्या पायरीशी आली, तर आप्पांनी तोंडातल्या टाचण्याच काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर नीट बोलावं लागलं असतं.

"काकी, आप्पांना सांगा," ती मला म्हणाली, "आता बोलावल्याबिगर यायची न्हाई."

आणि ती आली नाही. केडगावात संसार मांडला. तिला पोरगी झाल्याचंही आम्हाला तिसऱ्याकडून कळलं.

त्या दिवसापासून तिकडची लग्नं बंद झाली. कुणी नवरा-नवरीचे कपडे मागितले की आप्पा म्हणायचे, "तिकडं लग्नं होत न्हाईत."

"मंग पोरं कशी होत्यात?" मी एकदा म्हटलं.

"ते गुरुजींना इचार."

हसण्यावारी नेलं, पण सणासुदीला केडगावची जीप रस्त्यानं गेली की ते मशीन थांबवून बघायचे. मी म्हणायची, "एक फोन करा. बोट झिजणार न्हाई." ते म्हणायचे, "तिनं करावा." मी म्हणायची, "तिनं पायरीपर्यंत येऊन केला की." मग ते दोरा ओवत बसायचे, ओवलेल्याच सुईत.

अशी सात वर्षं गेली. मग केडगावच्या एका शाळेच्या बाई यादी घेऊन आल्या. पहिलीच्या वर्गाचं बाहुला-बाहुलीचं लग्न बसवलं होतं. आता आप्पा नाही म्हणणार म्हणून मी बघत होते. त्यांनी यादी वाचली आणि नवरीच्या नावावर बोट ठेवून थांबले. मी वाकून बघितलं. पुढं बापाचं नाव, आडनाव. जावयाचंच.

"मापं उद्या पाठवते," बाई म्हणाल्या.

"नकोत. म्हाईत हाय."

बाई गेल्यावर त्यांनी माळ्यावरून एक जुनं कागदी कटिंग काढलं. त्यांची लेक पहिलीत असताना तिच्या घागऱ्याचं.

"आप्पा, ही मापं लेकीची हायती."

"आईसारखीच असंल."

"कशावरनं? बापावर गेली असली म्हंजी?"

आठ दिवस तो घागरा त्यांनी एकट्यानं शिवला. हुकसुद्धा मला लावू दिले नाहीत. कापड लाल, काठ हिरवा, टाका असा की सासूलाही खोट सापडू नये. न्यायच्या दिवशी मला म्हणाले, "वैनी, तू पण चल." एकट्याची हिंमत नव्हती, दुसरं काय.

न्हावऱ्यावरून चौफुला आणि तिथून केडगाव. सबंध वाटेत घागऱ्याची पिशवी त्यांच्या मांडीवर.

दुपारी चारचा कार्यक्रम. पहिलीच्या वर्गात पोरं रंगवायचं काम चाललं होतं. लेक आपल्या पोरीसमोर गुडघ्यावर बसली होती. बापाला बघून उठली नाही. हात पुढं केला, पिशवी घेतली आणि पोरीला घागरा चढवायला लागली.

पोरगी बापावरच गेलेली. चांगली दणकट, गालांची. घागरा कंबरेवर जाऊन अडला आणि मागं चार बोटं फट राहिली. लेकीनं ओढून बघितलं, पोरीला श्वास आत घ्यायला लावला, पोरीनं घेतला आणि खोकत सोडला.

"आप्पा, हे बसत न्हाई." सात वर्षांनी पहिला शब्द हा.

मी आप्पांकडं बघितलं. म्हटलं, आता हा माणूस सांगणार की तिकडच्या नवरीची पाठ उघडीच असते. आप्पांनी मान कलतीसुद्धा केली नाही.

"चुकलं," ते म्हणाले. "माप घ्यायला पायजे होतं."

"यायचं होतं मंग घ्यायला."

"व्हय."

"सात वर्षं रस्ता बंद नव्हता."

"न्हवता."

पोरगी दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "आई, ह्ये कोण?"

तेवढ्यात बाई धावत आल्या. पहिलीचा नंबर लागला, चला. शिलाई उसवायला वेळ नाही. सेफ्टी पिन लावली, ती जरीत टिकेना, तटकन उघडायची. नवरा मुंडावळ्या बांधून दारात रडत होता. त्याला आईकडं जायचं होतं. आप्पांनी पुढं होऊन घागऱ्याच्या दोन्ही कडा मागून मुठीत धरल्या आणि पोरीला म्हणाले, "चल."

"अहो आजोबा, तुम्ही कुठं स्टेजवर?" बाईंनी वाट अडवली.

आप्पा गोंधळून उभे. मीही काही बोलणार होते, पण लेकीनं डोळे पुसत, नाक ओढत बाईंना सांगितलं, "जाऊ द्या, बाई. तिकडं नवरीच्या मागं आजा चालतो."

मग तिनं पोरीच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरीनं मागं वळून आप्पांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि पुढं निघाली.

बाईंनी माईकवर तसंच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, कुणीही काहीही सांगावं.

पोरगी उंचीनं कमी, त्यामुळं आप्पांना कंबरेत दुमडून चालावं लागलं. मंगलाष्टकं झाली, फेरे सुरू झाले. चौथ्या फेऱ्याला नवरा आईकडं पळाला. पोरगी थांबली नाही. उरलेले फेरे तिनं एकटीनं घातले आणि तिच्यामागं वाकलेले आप्पा, धापा टाकत, दोन्ही मुठी आवळून. लेक खाली पहिल्या रांगेत उभी राहून मोबाईल धरून होती, पण फोटो काढायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

आप्पा परवाच्या उन्हाळ्यात गेले. मला ते मशीनवर बसलेले फारसे आठवत नाहीत. मला तो सातवा फेरा आठवतो. बाई म्हणाल्या, "झालं आजोबा, आता सोडा." सोडलं असतं तर घागरा खाली आला असता. ते तसेच वाकून उभे राहिले.