वऱ्हाड मोजून घेणारे नेमिनाथअण्णा

नेमिनाथअण्णा मगदूम निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांची खुर्ची अजून डावीकडेच कलते. अण्णा निपाणीकडचे. स्थळ आलं की आधी त्या घरची चौकशी, मगच पोहे, ही तिकडची रीत त्यांनी थेट कॉम्प्युटरवर आणली होती.

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात वजनकाटे बनत. त्यांचं सॉफ्टवेअर वरच्या खोलीत आम्ही दोघं लिहायचो. परक्या कुणी लिहून इंटरनेटवर ठेवलेली लायब्ररी, म्हणजे आयता तयार कोड, वापरायची म्हटलं, की अण्णा सुरू.

"कोण सांभाळतंय हिला? शेवटचा हात कधी लावलता? आणि मागनं किती येणार?"

"मागनं?"

"व्हय गं ऋतिका. एक लायब्ररी बोलावली की तिला लागणाऱ्या चुलत-मावस लायब्ऱ्या धरून वऱ्हाड येतंय. जेवायला आपल्याच पंगतीत!"

चौकशीत खऱ्या उतरलेल्या लायब्ररीची आवृत्ती ठरवून तिची प्रत ते कारखान्याच्या सर्व्हरवर ठेवत. मी उचगावहून स्कूटरवर येणारी, नोकरी पक्की व्हायची होती, अंगात घाई. तारखा छापायला एक लायब्ररी मी अण्णांना न विचारता आणली आणि कोडमध्ये वर लिहून ठेवलं : दर वेळी सगळ्यात नवी घे.

महिन्याभरानं हुबळीला जायचा काटा खाली ट्रकशेजारी उभा होता. सगळा कोड एकत्र जोडणारा शेवटचा बिल्ड लावला, तर चुकांनी पडदा लालेलाल. लायब्ररीवाल्यानं त्याच सकाळी आमच्या कोडशी न जुळणारी नवी आवृत्ती काढली होती, आणि जुनी पार काढून टाकली होती. जिन्यातून मालक ओरडले, "ट्रक पाचला सुटणार!" मला वाटलं, ट्रकबरोबर माझी नोकरीही सुटली.

रडवेल्या तोंडानं अण्णांना सांगितलं. त्यांनी सर्व्हरवरचा एक फोल्डर उघडला. आत माझ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती, वऱ्हाडासकट.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"घरात पावणं आलेलं कळत न्हाय व्हय? म्हटलं, पोरगी सांगंल आज ना उद्या. तवर ठेवली झाकून."

आवृत्ती पक्की केली, बिल्ड झाला, ट्रक साडेपाचला हलला. टपरीवर चहा घेताना मी बोलणी खायची वाट बघत होते.

"पहिल्या वर्षी मीबी हेच केलतं," अण्णा बशीत फुंकर मारत म्हणाले. "तवा प्रत कुणाकडंच न्हवती. चिकोडीत गिऱ्हाइकाच्या गोदामात बसून तीन दिवस सगळं हातानं लिवलं. जेवण त्येच घालायचे. पण वाढताना असं बघायचे, की भाकरी खाली उतरंना."

तेवढ्यात मालक आले. अर्धा तास उशीर कुणामुळं?

"माझ्यामुळं," अण्णा म्हणाले. "वय झालं आता, हात चालत न्हाईत."

आयुष्यात खोटं न बोललेला माणूस! माझ्यासाठी बोलला, आणि घाईघाईनं उरलेला चहा पिताना जीभ भाजून घेतली.