शेजारची सीट

आमच्या घरचे माग बंद पडले आणि मी मोटारींच्या सीटांचं चामडं रंगवायला लागलो. बाबांनी आयुष्यभर सुताच्या लडी रंगवल्या, तेव्हा रंग आमच्या हाडातच मुरलाय, असा माझा तोरा. नंदनवन वस्तीतल्या एका निवृत्त मास्तरांच्या गाडीनं तो उतरवला.

फक्त चालकाची सीट रंगवायची होती. बसून-बसून तिची कड झिजली होती, भेगा पडल्या होत्या. मास्तरांनी शेजारच्या सीटकडे बोट दाखवून बजावलं, "रंग हिच्यासारखाच पाहिजे. पण हिले हात लावू नको. इथं आमची मंडळी बसत होती."

बाई जाऊन वर्ष झालं होतं. सीटवर डोकं टेकतं तिथं खोबरेल तेलाचा वाटोळा डाग तेवढा राहिला होता.

मी चालकाची सीट स्पिरिटनं पुसली, बारीक पॉलिशपेपर फिरवला, भेगा भरल्या. मग शेजारच्या सीटशी ताडून तपकिरी रंग कालवला आणि घरच्या सवयीनं जरा गडदच ठेवला. ओलं सूत गडद दिसतं, वाळलं की फिकं होतं, हे मी बाराखडीच्या आधी शिकलो होतो. फवाऱ्यानं तीन हात मारले, ड्रायर फिरवला आणि चहाला गेलो.

परत येऊन पाहतो तर सीट पार काळपट! चामड्यावरचा हा रंग वाळताना उलट गडद होतो. तोवर मी गाडीतल्या सगळ्या सीटा एकदम रंगवायचो, त्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात आला नव्हता, माझ्याही नाही.

तीन वाजले होते आणि मास्तर पाचला येणार होते. माझ्या मनात पाप आलं. शेजारची सीटही याच रंगात काढली तर? जोडी तर जुळेल. पण रंगवायच्या आधी ती स्पिरिटनं पुसावी लागणार आणि तेलाचा डाग पहिल्याच फटक्यात जाणार. तरीही मी कापसाचा बोळा भिजवला. आजही त्याची लाज वाटते.

तेवढ्यात बाबा रोजच्यासारखे दुकानात डोकावले.

"काहून तोंड पाडून बसला गा?"

सगळं सांगितलं. आता शिव्या बसणार असं वाटलं, कारण सुतावर रंग गडद चढला की परतीची वाट नाही, ही त्यांचीच शिकवण. त्यांनी सीटला नख लावून पाहिलं.

"हा रंग त वरच बसून राहिला. आत मुरलाच नाही. पुसून पाह्य ना!"

खरंच की! रंग पक्का करणारा वरचा पारदर्शक थर मी अजून दिला नव्हता. तोच बोळा चालकाच्या सीटवर फिरवला आणि रंग निघून आला. जीव भांड्यात पडला. मग बाबांनी मला नव्या रंगाचा प्रत्येक ठिपका चामड्याच्या तुकड्यावर वाळवून पाहायला लावला. चौथा जुळला, तोच सीटवर मारला.

मास्तर आले, चालकाच्या सीटवर बसले, सीटची कड चाचपली. एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं.

"रंगवली कोणती?"

मी बोलणार, तोवर ते शेजारच्या सीटकडे झुकले. डागाशी नाक नेलं आणि डोळे मिटले.

"आहे," ते म्हणाले.

मी हातातला बोळा खिशात कोंबला.